मोटार चालन-प्रशिक्षकाचे प्रशिक्षण : ब्रिटिश पद्धती

मोबदला घेऊन मोटार चालवायला शिकवायची असेल, तर ग्रेट ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्याचे नाव सरकारी नोंदवहीत असावे लागते आणि ते तिथे चढण्यासाठी तीन टप्प्यांची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मोबदला न घेता मुलीला शिकवणाऱ्या वडिलांना किंवा भाच्याला शिकवणाऱ्या मावशीला हे बंधन नाही. वय २१ पूर्ण असले आणि परवाना मिळून किमान तीन वर्षे झाली असली की पुरते. लंडनमध्ये ‘ब्रिटिश स्कूल ऑफ मोटरिंग’ ही शिकवणी-संस्था १९१० मध्येच निघाली होती व नव्या चालकांना चाचणी १९३५ मध्ये सक्तीची झाली. प्रशिक्षकांची नोंदवही मात्र १९६४ मध्ये, तीही ऐच्छिक स्वरूपात, सुरू झाली आणि १९७० मध्ये सक्तीची झाली. म्हणजे शिकणाऱ्याची परीक्षा सुरू झाल्यावर शिकवणाऱ्याची परीक्षा यायला पस्तीस वर्षे लागली. आज हे काम ‘ड्रायव्हर अँड व्हेइकल स्टँडर्ड्स एजन्सी’ (डीव्हीएसए) पाहते. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

उमेदवाराचे वय किमान २१ असावे लागते, परवाना तीन वर्षांचा असावा लागतो आणि गुन्हेगारी पूर्वेतिहासाची तपासणी होते. बंद गाडीत शेजारी बसणारा शिकाऊ पुष्कळदा सतरा-अठरा वर्षांचा असतो हे लक्षात घेतले, तर ही तपासणी उगाच नाही हे पटते. पहिला टप्पा लेखी ज्ञानाचा असून त्यात १०० बहुपर्यायी प्रश्न असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ८५ गुण तर लागतातच, पण चार विषयगटांपैकी प्रत्येकात २५ पैकी किमान २० मिळावे लागतात, त्यामुळे वाहतुकीची चिन्हे तोंडपाठ असणारा उमेदवारही अध्यापनतंत्राच्या गटात घसरला की नापास होतो. सोबत रस्त्यावरील धोके चित्रफितींत वेळीच ओळखण्याची चाचणी असते; तिथे साध्या शिकाऊला ७५ पैकी ४४ गुण पुरतात, प्रशिक्षकाला ५७ लागतात. दुसऱ्या टप्प्यात उमेदवाराचे स्वतःचे चालन सुमारे तासभर पाहिले जाते. सहापेक्षा अधिक किरकोळ चुका किंवा एकही गंभीर चूक झाली, तर तो अनुत्तीर्ण ठरतो.

खरी कसोटी तिसऱ्या टप्प्यात लागते, कारण हात बसलेला चालक आपण काय करतो हे शब्दांत सांगू शकतोच असे नाही. क्लच किती सोडायचा, आरशात कधी पाहायचे, या गोष्टी त्याच्या पायांत आणि नजरेत मुरलेल्या असतात. त्या पुन्हा सुट्या करून नवख्याला पेलतील अशा क्रमाने मांडणे हे वेगळे कौशल्य आहे. डिसेंबर २०१७ पर्यंत या परीक्षेत परीक्षक स्वतःच शिकाऊची भूमिका वठवत असे व ठरवून चुका करी. आता उमेदवार खऱ्या विद्यार्थ्याला खरा धडा देतो आणि परीक्षक मागच्या आसनावर बसून पाहतो. धड्याचे नियोजन, धोक्याचे व्यवस्थापन आणि अध्यापन अशा तीन गटांत मिळून १७ क्षमता तपासल्या जातात, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण असतात आणि ५१ पैकी ३१ गुणांना उमेदवार उत्तीर्ण होतो. ४३ किंवा त्याहून अधिक मिळाल्यास ‘अ’ श्रेणी मिळते. धोक्याच्या गटात १५ पैकी सात किंवा त्याहून कमी गुण पडले, तर बाकी धडा कितीही रंगला तरी निकाल बदलत नाही.

या गटात नेमके काय पाहतात ते एका प्रसंगावरून कळते. अरुंद रस्त्याच्या डाव्या कडेला गाड्या उभ्या आहेत, समोरून बस येत आहे आणि विद्यार्थी वेग कमी करत नाही. प्रशिक्षकाच्या पायाशी जादा ब्रेक असतोच. तो त्याने दाबला की संकट टळते, पण विद्यार्थ्याच्या पदरात काहीच पडत नाही. चांगला प्रशिक्षक बस दिसताच, वेळ हाताशी असताना, “समोर काय दिसतंय? दोघं एकदम मावू का?” असे विचारतो, उत्तर आले नाही तर स्पष्ट सूचना देतो आणि ब्रेकला अगदी शेवटी हात, किंवा खरे तर पाय, घालतो, तो घालावा लागलाच, तर पुढे गाडी बाजूला घेऊन का घातला हे सांगतो. धोक्याची जबाबदारी दोघांत कशी वाटलेली आहे हे विद्यार्थ्याला नीट समजले होते का, हाही गुणपत्रिकेतला एक स्वतंत्र मुद्दा आहे.

पहिला टप्पा ओलांडल्यापासून दोन वर्षांत उरलेले दोन्ही पार पाडावे लागतात व त्या प्रत्येकासाठी तीनच संधी असतात. दुसऱ्या टप्प्यानंतर, किमान ४० तासांचे अध्यापन-प्रशिक्षण झालेले असल्यास, सहा महिन्यांचा शिकाऊ-प्रशिक्षक परवाना घेऊन पैसे घेऊन शिकवता येते. अशा प्रशिक्षकाच्या गाडीच्या काचेवर गुलाबी त्रिकोणी बिल्ला असतो, तर पूर्ण पात्र प्रशिक्षकाचा बिल्ला हिरवा व अष्टकोनी असतो. ग्राहकाने हा रंग पाहून शिकवणी लावावी, कारण अनेकदा दोघांची फी सारखीच असते. नोंदणी चार वर्षे टिकते आणि त्या अवधीत त्याच १७ क्षमतांवर पुन्हा तपासणी होते.

भारतात, आणि म्हणून महाराष्ट्र व गोव्यातही, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम २४ लागू आहे. त्यानुसार ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकाला दहावी उत्तीर्ण असणे, चालनाचा पाच वर्षांचा अनुभव आणि मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र किंवा त्याहून वरची यांत्रिकी पात्रता आवश्यक असते. गाडीचे भाग व त्यांचे कार्य समजावून सांगता येणेही त्यात येते. परीक्षकासमोर खऱ्या विद्यार्थ्याला धडा देऊन दाखवण्याची अट मात्र या नियमात नाही. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रांची तरतूद झाली, तिथल्या प्रशिक्षकासाठी शिक्षणाची अट बारावीपर्यंत वाढली आणि हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम कमाल चार आठवड्यांत २९ तासांचा ठरला. या केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओत चालन-चाचणी द्यावी लागत नाही.