खाऱ्या हवेतला माउस

वहिनींच्या दुकानातला बिनवायरचा माउस उलटा करून मी बॅटरीचं झाकण सरकवलं. सेलच्या टोकाशी पांढरी, भुरभुरीत पूड साचली होती आणि स्प्रिंगवर तांबूस गंज चढला होता. आषाढाचे दिवस, कॉलेज प्रवेशांची गर्दी, रांग दारापर्यंत आलेली आणि माउस बंद. दुकान मालवणात, बंदराच्या बाजूला. खिडकी उघडली की वारा थेट समुद्रावरून आत येतो.

"भावजी, आता वायरचोच घेवया काय?" वहिनींनी विचारलं.

उत्तर देण्याआधी मला ती पूड नीट बघायची होती. सेल अल्कलाइन होता. अशा सेलच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. सेल संपल्यावर तसाच आत राहिला की आतला वायूचा दाब वाढतो, द्रावण पाझरतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचं पांढरं पोटॅशियम कार्बोनेट होतं. हे आम्लारी असल्यामुळे कापसावर लिंबाचे दोन थेंब घेऊन पुसलं की निघतं. त्यानंतर स्पिरिटने पुसून कोरडं करायचं. हाताला ते लागू देऊ नये. कोकमाचं आगळही आंबटच, पण त्यात मीठ घातलेलं असतं, म्हणून ते इथे चालणार नाही.

खरा विषय मिठाचाच आहे. लाटा फुटतात तेव्हा पाण्यातले बुडबुडेही फुटतात आणि बारीक तुषार हवेत उडतात. त्यातलं पाणी वाळतं, मिठाचे कण उरतात आणि वाऱ्याबरोबर घरात येतात. हवा कोरडी असेल तेव्हा ते धुळीसारखे नुसते पडून राहतात. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं आणि आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो, ते याच कारणाने. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यातले आठवडेच्या आठवडे हवा याहून जास्त दमट असते. मग माउसच्या आत धातूच्या प्रत्येक पट्टीवर खाऱ्या पाण्याची न दिसणारी साय धरते. तिच्यातून वीज वाहते, आणि त्यातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतो. गंज इथून सुरू होतो.

म्हणून आपल्याकडे माउस निवडताना मी आधी बघतो की धातूला धातू कुठे कुठे टेकतो. बिनवायरच्या माउसमध्ये सेलची दोन टोकं ही अशी जादा जागा आहे, आणि ती झाकणाच्या फटीतून हवेला उघडी असते. वायरच्या माउसला सेल नाही. 5 व्होल्टची वीज संगणकाकडूनच येते. त्याचा कच्चा भाग दुसरा आहे. वायर माउसमध्ये शिरते तिथली मान. आत केसासारख्या तांब्याच्या तारांचे चार पदर असतात, दोन विजेचे आणि दोन माहितीचे. रोज त्याच जागी वाकून त्या एकेक करून तुटतात. माउस हलवल्यावर मधेच बंद पडून पुन्हा चालू होत असेल, तर बहुतेक वेळा दोष त्या मानेतच असतो.

वहिनींची दुसरी शंका मला फार आवडली. "पावसात डिशचो सिग्नल जाता, मगे ह्येचो कसो रवतलो?" डिशचा सिग्नल पावसात जातो हे इथे घराघरांत माहीत आहे. त्या लहरींची वारंवारता सुमारे 12 गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास. त्या लहरींसमोर पावसाचे मिलिमीटरभराचे थेंब अगदीच क्षुल्लक राहत नाहीत, आणि तिरप्या वाटेने येणाऱ्या लहरींना पावसाचे काही किलोमीटर पार करावे लागतात. माउस 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतो. त्याची तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर, आणि वाट हातभर, तीही घरातली. पावसाचा त्याला काही त्रास नाही.

त्रास होतो तो शेजाऱ्यांचा. याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनही आहे. ब्लूटूथ यातून वाट काढतं ते उड्या मारून: नेहमीचं ब्लूटूथ सेकंदाला 1600 वेळा वाहिनी बदलू शकतं. पण एक शेजारी अनेकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे निळ्या तोंडाचा यूएसबी 3.0 पोर्ट. तिथे पेनड्राइव्हवर वेगाने माहिती चालू असताना होणारा विद्युत गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेलने 2012 मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं. पेनड्राइव्ह लावल्यावर माउसचा बाण अडखळत असेल, तर त्याचा छोटा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून बघा. नवा माउस घेण्याआधी हे जरूर करा.

वेगाची काळजी मात्र खेळ खेळणाऱ्यांनीच करावी. साधा यूएसबी माउस सेकंदाला 125 वेळा आपली खबर देतो, म्हणजे दर 8 मिलिसेकंदांनी. दिसलेल्या गोष्टीवर बोट हलवायला माणसाला दोनशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. अर्ज भरताना, सातबारा काढताना हा फरक हाताला कळणार नाही.

डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये पहिला माउस केला तो लाकडाचा होता, खाली एकमेकांना काटकोनात दोन चाकं, आणि शेपटीसारखी वायर. आता चाकांची जागा प्रकाशाने घेतली आहे. पोटातला बारीक कॅमेरा टेबलाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि खरखरीतपणाच्या खुणा किती सरकल्या ते मोजतो. वहिनींच्या टेबलावर काच आहे. तिच्यावर खुणाच नाहीत, म्हणून तिथे दोन्ही प्रकारचे माउस भरकटतात. वहीचा पुठ्ठा ठेवला की काम होतं.

शेवटी ठरलं ते असं. टेबलावरच्या संगणकाला वायरचा माउस, मानेजवळ सैल वळसा ठेवून. बिनवायरचा माउस साफ करून लॅपटॉपबरोबर, गावोगावी अर्ज भरायला जाताना वापरायला. आणि काम नसेल तेव्हा सेल काढून ठेवायचा, माउस झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीशेजारी. जो एकाच जागी बसून काम करतो त्याला किनाऱ्यावर मी वायरचाच सुचवीन. बटणाच्या बाबतीत मात्र दोघांत काही फरक नाही. प्रत्येक बटणाखाली एक लवचिक धातूची पट्टी असते, ती टेकली की क्लिक होतो. टेकताना ती क्षणभर थरथरते, म्हणून माउस काही मिलिसेकंद थांबूनच क्लिक मोजतो. पट्टीच्या टोकावर गंजाची किंवा काजळीची साय आली की संपर्क मधेच तुटून पुन्हा जुळतो, आणि एका क्लिकचे दोन होतात.

पुढच्या दिवाळीला गेलो तेव्हा डब्यातल्या माउसची स्प्रिंग स्वच्छ होती. टेबलावरच्या वायरच्या माउसचं डावं बटण मात्र एकदा दाबलं की फाइल थेट उघडत होतं.