लांबच्या प्रवासात कंबर का धरते?

मोटारीची सीट चांगली की वाईट, हे आपण बहुतेकदा गाडी जागच्या जागी उभी असतानाच ठरवून टाकतो. दार उघडायचे, आत बसायचे, गादी हाताने दाबून पाहायची आणि ती मऊ लागली की समाधान मानायचे. पाठीच्या दृष्टीने ही परीक्षा जवळजवळ निरुपयोगी आहे. बसल्याबरोबर वाटणारे सुख आणि तीन तासांनी जाणवणारे अवघडलेपण या मुळातच वेगवेगळ्या गोष्टी आहेत, असे आसनांचा अभ्यास करणारे संशोधक 1990च्या दशकापासून मांडत आले आहेत. सुख ठरते ते स्पर्श, रूप आणि ऐसपैसपणा यांवर. अवघडलेपण ठरते ते सांध्यांवरचा ताण, स्नायूंचा थकवा आणि दाबल्या गेलेल्या भागातील रक्ताभिसरण यांवर. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत आवडलेली सीट तिसऱ्या तासाला नकोशी होऊ शकते, आणि सुरुवातीला टणक वाटलेली सीट शेवटपर्यंत पाठीची साथ देऊ शकते.

त्रासाचे मूळ शोधायचे तर पाठीपेक्षा थोडे खाली, श्रोणीच्या (पेल्व्हिसच्या) हाडांकडे पाहावे लागते. माणूस उभा असतो तेव्हा कंबरेच्या जागी कण्याला आतल्या बाजूला एक सहज बाक असतो. माणूस बसला की मांड्या वर येतात, श्रोणी मागे कलते आणि हा बाक सपाट होऊ लागतो. हे कोणत्याही खुर्चीत घडते. मोटारीत त्यात आणखी एका ओढीची भर पडते. मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना व्यायाम करणारे हॅमस्ट्रिंग म्हणतात, वरच्या टोकाला श्रोणीला आणि खालच्या टोकाला गुडघ्याखालच्या हाडांना जोडलेले असतात. गुडघा जितका सरळ होईल तितके हे स्नायू ताणले जातात आणि श्रोणीला मागे खेचतात. जमिनीवर पाय सरळ पसरून ताठ बसण्याचा प्रयत्न केला, तर बहुतेकांची कंबर काही क्षणांतच बाहेरच्या बाजूला गोल होते. सीट फार मागे सरकवून पाय लांबवत पेडल दाबणाऱ्या चालकाची कंबर तासन्‌तास याच अवस्थेत असते.

कंबरेचा बाक कोणत्या स्थितीत टिकतो, हे जे. जे. कीगन या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1953 मध्ये क्ष-किरण चित्रांच्या आधारे तपासले होते. धड आणि मांडी यांच्यातील कोन सुमारे 135 अंश असताना कणा सर्वांत सहज स्थितीत राहतो, असे त्याला आढळले. पुढे 1973-74 मध्ये स्कायलॅब अवकाशस्थानकात राहिलेल्या अंतराळवीरांच्या शरीराची मापे घेतली गेली, तेव्हा भारहीन अवस्थेत शरीर सैल सोडल्यावर हा कोन आपोआप सुमारे 128 अंशांवर स्थिरावतो असे दिसले. दोन अगदी भिन्न मार्गांनी आलेली उत्तरे इतकी जवळ असावीत, ही मला या विषयातली सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते. मात्र रस्ता दिसला पाहिजे, स्टिअरिंग हातात राहिले पाहिजे आणि ब्रेक जोराने दाबता आला पाहिजे, या अटींमुळे चालकाला इतके मोकळे बसता येत नाही. मोटारीची सीट म्हणजे पाठीची गरज आणि वाहन चालवण्याची गरज यांच्यातली तडजोड असते, हे एकदा मान्य केले की तिच्याकडून अवास्तव अपेक्षा राहत नाहीत.

कण्यातील दोन-दोन मणक्यांच्या मध्ये लवचिक चकत्या (डिस्क) असतात, आणि बसण्याचा परिणाम त्यांच्यावर मोजण्याचे धाडसही झाले आहे. अल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यचिकित्सकाने 1960च्या दशकात जिवंत माणसांच्या चकतीत दाब मोजणारी सुई घालून नोंदी घेतल्या. आधाराशिवाय बसले असता हा दाब उभे राहण्याच्या तुलनेत सुमारे 40 टक्क्यांनी वाढतो, असे त्या नोंदींतून दिसले. 1974 मध्ये स्वीडनमध्येच हा प्रयोग चालकाच्या सीटवर करण्यात आला. पाठ मागे कलती ठेवली आणि कंबरेला आधार दिला की दाब उतरत होता. क्लच दाबला की चढत होता. गर्दीतून वारंवार क्लच मारत गाडी काढणाऱ्याची कंबर लवकर का भरून येते, याचा एक धागा येथे सापडतो.

पण दाब ही काही संपूर्ण कथा नव्हे. 1999 मध्ये जर्मनीत एका 45 वर्षांच्या स्वयंसेवकाच्या चकतीत सूक्ष्म संवेदक बसवून सुमारे एक दिवसभर दाब नोंदवला गेला. सैल उभे असताना तो 0.5 मेगापास्कल (दाबाचे एकक) होता, आधाराशिवाय बसल्यावर 0.46, आणि खुर्चीत मागे रेलून, घसरून बसल्यावर तर केवळ 0.27. म्हणजे ज्या बसण्याबद्दल मोठी माणसे लहानांना रागावतात, त्यात चकतीवरचा भार कमीच निघाला. निरीक्षण एकाच व्यक्तीवरचे असल्याने त्यावर फार मोठा डोलारा उभारू नये. तरीही एक प्रश्न उरतोच, की दाब इतका कमी असताना घसरून बसलेल्याची कंबर तासाभरात का ठणकते? याचे कारण अस्थिबंधांत आहे. कंबर गोल झाली की मणक्यांना मागून बांधून ठेवणारे अस्थिबंध सतत ताणाखाली राहतात, आणि हा ताण टिकून राहिला तर ते हळूहळू सैलावत जातात. शिवाय प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. शेजारच्या मणक्यांतून झिरपत येणाऱ्या द्रवावर तिचे पोषण चालते, आणि त्या झिरपण्याला दाबातला चढउतार हातभार लावतो. त्यामुळे अमुक एक स्थिती योग्य आणि तमुक अयोग्य असे म्हणण्यापेक्षा, कोणतीही स्थिती फार वेळ न बदलणे हाच खरा दोष आहे, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. शेजारी बसलेला प्रवासी पाय हलवतो, कूस बदलतो. चालकाचे पाय पेडलांवर, हात स्टिअरिंगवर आणि डोळे रस्त्यावर खिळलेले असतात.

एवढे सगळे तर स्थिर खुर्चीतही घडले असते. मोटार त्यावर हादऱ्यांची भर घालते. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटाने हलके ढकलले तरी त्याचा झोका वाढत जातो, तसे बसलेल्या माणसाच्या धडाचेही एक ठरलेले कंपन असते: उभ्या दिशेत सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा. या वारंवारतेचे हादरे आले की कणा सीटपेक्षाही जास्त हलतो. मोटारीचा सांगाडा सस्पेन्शनवर सेकंदाला एक ते दीड वेळा हेलकावतो, चाके 10 ते 15 वेळा थरथरतात, आणि शरीराला सर्वांत नकोसा असलेला पट्टा नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. गंमत अशी, की फोमची साधी सीट माणूस बसल्यावर स्वतःही 4 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 4 वेळांच्या, आसपास डोलते. वरच्या वारंवारतेचे हादरे ती चांगले शोषते, पण या पट्ट्यातले हादरे कमी करण्याऐवजी वाढवते. नुसता जाड आणि मऊ फोम हे म्हणूनच उत्तर नाही. धड हलू लागले की पाठीचे स्नायू त्याला सावरण्यासाठी पुन्हा पुन्हा आखडतात, आणि काहीही श्रम न करता नुसता बसून राहिलेला माणूस थकून जातो. युरोपीय संघाने 2002 मध्ये कामगारांसाठी आठ तासांच्या कंपनांची मर्यादा, त्वरणाच्या मापात, 1.15 मीटर प्रति सेकंद वर्ग अशी ठरवली आणि 0.5 च्या पुढे उपाययोजना सक्तीची केली. गुळगुळीत रस्त्यावरची मोटार सहसा या खालच्या आकड्याच्याही आत राहते. खडबडीत रस्त्यावर तशी खात्री देता येत नाही.

मग गाडी चालवून मणके कायमचे झिजतात का? 1975 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहन चालवणाऱ्या पुरुषांत चकती सरकण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट आढळला होता. त्यानंतर 2002 मध्ये फिनलंडमधील एकसारख्या जुळ्या भावांच्या 45 जोड्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडीतील एक भाऊ व्यवसायाने खूप वाहन चालवणारा, तर दुसरा तसा नव्हता. एमआरआय चित्रांत मात्र दोघांच्या चकत्यांच्या झिजेत फरक दिसला नाही. वेदना आणि झीज यांना एकच समजण्याची घाई करू नये, असे या जुळ्यांवरून वाटते. अर्थात वेदना गुडघ्याखाली उतरत असेल, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर सीटची चर्चा बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

सीट जुळवताना सुरुवात श्रोणीपासून करावी, कारण ती चुकली की वरचे सगळे चुकते. आधी बसण्याची जागा सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवावी आणि मग क्लच, किंवा स्वयंचलित गाडीत ब्रेक, तळापर्यंत दाबून पाहावा. त्या वेळीही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. उंची अशी असावी की कंबर गुडघ्यांच्या खाली जाणार नाही. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची खोबण यांत दोन-तीन बोटे अंतर असावे. सीटची पाठ गादीशी 100 ते 110 अंशांचा कोन करील इतकी मागे घ्यावी. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर ठेवता आले म्हणजे ती योग्य. एअरबॅगचा विचार करता छाती आणि स्टिअरिंग यांत किमान 25 सेंटिमीटर अंतर हवे. लंबर सपोर्ट, म्हणजे सीटच्या पाठीतला कंबरेचा आधार, सर्वांत शेवटी, कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर आणावा. तो टोचत असेल तर जास्त झाला, आणि कंबरेमागून तळहात सहज आरपार जात असेल तर कमी पडला. मागच्या खिशातले पाकीट तेवढे बाहेर काढावे, कारण त्यामुळे श्रोणी एका बाजूला उचलली जाते आणि मांडीकडे जाणारी नसही दाबली जाऊ शकते.

इतके करूनही थांबणे टळत नाही. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत दर दोन तासांनी किमान 15 मिनिटे थांबण्याचा सल्ला आहे, पण तो झोप आणि थकवा डोळ्यांसमोर ठेवून दिलेला आहे. पाठ कुरकुरू लागली असेल तर त्याआधीच उतरून चार पावले चालावे. उतरल्यावर लगेच डिकीतले जड सामान मात्र उचलू नये. वीस मिनिटे पूर्ण वाकून बसल्यानंतर कंबरेच्या सांध्यांचा हरवलेला ताठरपणा दोन मिनिटांत साधारण निम्माच परत येतो आणि अर्ध्या तासानंतरही थोडा सैलपणा उरतो, असे 1992 मधील एका प्रयोगात आढळले होते. पुढे वाकून बॅग उचलण्याचा भार त्याच सैलावलेल्या अस्थिबंधांवर येतो, म्हणून आधी थोडे उभे राहावे, हात कंबरेवर ठेवून दोन-तीनदा हलकेच मागे झुकावे आणि सामान शेवटी काढावे.