घानातल्या सुन्यानीत बाळ झालंय? वर्षाच्या आत करायची कागदपत्रं

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाका. बाळ घानात जन्मलं म्हणून ते घानाचं नागरिक होत नाही, त्यासाठी आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणीतरी घानाचं नागरिक लागतं. म्हणजे "पासपोर्ट इथलाच काढून टाकू" असं ऑफिसातल्या कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आपल्या बाळाला पासपोर्ट भारताचाच, आणि त्याच्या आधी दोन नोंदण्या: एक इथे बर्थ्स अँड डेथ्स रजिस्ट्रीत, दुसरी अक्र्याला भारतीय हायकमिशनमध्ये.

काजूच्या धंद्यामुळे इकडे सुन्यानी, वेंची, टेचिमान भागात आपली माणसं असतात. त्यातल्या कुणाचं ना कुणाचं प्रकरण अडकतंच आणि कारण बहुतेक तेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

सगळ्यात जास्त गोंधळ मुदतीचा. भारताच्या नागरिकत्व कायद्यात (कलम ४) परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंदणी जन्मापासून एका वर्षाच्या आत करायची असते. जन्मापासून! घानाचा दाखला हातात पडला त्या तारखेपासून नाही. बरेच जण नेमके इथेच फसतात. इथला दाखला आठव्या महिन्यात मिळाला की वाटतं अजून वर्ष आहे, मग गावी जाणं, पाहुणे, सीझन, आणि पहिल्या वाढदिवसाचा केक कापून झाल्यावर आठवण येते. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी लागते, फाइल दिल्लीला जाते आणि तिथून कधी परत येईल ते काउंटरवरचा माणूस सांगू शकत नाही, त्याला विचारून उपयोग नाही. घानाच्या नोंदणीलाही बारा महिन्यांचीच रेघ आहे, त्याच्या आत फुकट, नंतर पैसे भरा आणि उशीर का झाला ते सांगत बसा. थोडक्यात दोन्ही कामांना वर्ष एकच आहे, दोन वेगवेगळी वर्षं नाहीत.

आता नाव. मला विचाराल तर अर्धे रिजेक्शन इथून येतात.

हॉस्पिटलमध्ये आईबाळाचं रेकॉर्डचं पुस्तक देतात, लोक त्याला अजून वेइंग कार्डच म्हणतात. रजिस्ट्रीत नोंद याच पुस्तकावरून होते. आपल्या बायकांचं बऱ्याचदा पासपोर्टवर माहेरचं नाव असतं, आणि लेबर वॉर्डात नवऱ्याने घाईत सांगितलेलं असतं सासरचं. त्यात आपली नाव-वडिलांचं नाव-आडनाव ही पद्धत इथल्या फॉर्मला कळत नाही, तिथे फक्त सरनेम आणि अदर नेम्स. मी एक पुस्तक पाहिलंय ज्यात आईच्या सरनेमच्या जागी तिच्या नवऱ्याचं पहिलं नाव होतं आणि बाळाच्या नावापुढे नर्सने प्रेमाने "आकुआ" लिहिलेलं, कारण मुलगी बुधवारची. इथे अकान लोकांत जन्मवारावरून नाव असतं, कौतुकच आहे ते, पण आकुआ दाखल्यावर गेली की तिला काढायला घाम फुटतो. म्हणून डिस्चार्जच्या आधी दोघांचे पासपोर्ट समोर ठेवून पुस्तकातलं एकेक अक्षर जुळवा. चूक दिसली तर नर्सला तिथल्या तिथे दुरुस्त करायला सांगा, लाजू नका.

बाळाचं नाव ठरायच्या आधी रजिस्ट्रीत जाऊ नका, हे दुसरं. इथले लोक आठव्या दिवशी नाव ठेवून मोकळे होतात, आपल्याकडे बाराव्याला बारसं, त्यात आत्या व्हिडिओ कॉलवर आणि पत्रिकेतलं अक्षर आजोबांना पटलेलं नसतं. भांडायचं ते घरात भांडून घ्या, पण स्पेलिंगसकट (एक ई का दोन, व्ही का डब्ल्यू) कागदावर लिहून मगच जा. दाखला घेताना साधा दाखला आणि रजिस्टरमधल्या नोंदीची सर्टिफाइड कॉपी असे दोन्ही मागून घ्या, परत चक्कर नको. फॉर्ममध्ये रीजनसमोर सवयीने "ब्राँग अहाफो" लिहू नका, २०१९ मध्ये त्याचे तीन तुकडे झाले. सुन्यानी बोनोत, टेचिमान बोनो ईस्टमध्ये. शुक्रवारी दुपारी तर जाऊच नका, निम्मं ऑफिस कुणाच्या तरी अंत्यविधीसाठी गावाला निघालेलं असतं आणि उरलेल्यांकडे लाइट नसते.

हायकमिशनचा भाग त्यामानाने सरळ. ऑनलाइन फॉर्म, प्रिंट, घानाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट आणि रेसिडन्स परमिट, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं डिक्लेरेशन. लग्नाचा दाखला मागतात, आणि तो कुणाकडेच नसतो! लग्नाचा अल्बम असतो, पत्रिका असते, महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला नसतो. दिवस गेल्याचं कळलं की लगेच त्याच्या मागे लागा, नोंदणीच केलेली नसेल तर दोघांना गावी जावं लागतं. सगळं ओरिजिनल सोबत न्या, सुन्यानीहून कुमासीमार्गे अक्रा म्हणजे जवळपास चारशे किलोमीटर, एका झेरॉक्ससाठी कुणी परत येत नाही.

पासपोर्टचा फोटो घरीच काढा. पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवायचं, वरून फोटो, डोळे उघडे, आईचा हात दिसता कामा नये. आमच्याकडे एकोणचाळीस फोटो काढले तेव्हा एक चालला.

एक राहिलंच, यलो फीवर. इथे नवव्या महिन्यात लस देतात आणि बाळाच्या पुस्तकात नोंद करतात, पण भारतात उतरताना ती नोंद चालत नाही, आंतरराष्ट्रीय पिवळं कार्ड वेगळं बनवून घ्यावं लागतं आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. आधी तिकीट काढून मग लसीची तारीख बघितलीत तर मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात, बाहेर आजी आरतीचं ताट घेऊन उभी असली तरी.