आखाजीच्या ताटात तीन चमचे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या ताटात खापरावरची पुरणपोळी आणि वाटीभर आमरस नसेल, तर खान्देशात सण झाला असं कुणी म्हणत नाही. समजा, धुळ्याकडच्या एका गावात अशीच एक लेक आली आहे. फेब्रुवारीत तिचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. आई वाढायला वाकते, लेक ताटावर हात आडवा धरते. "थोडं आखो ले ना!" म्हणताना आईचा चेहरा उतरतो. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलेलं असतं, पण या क्षणाची तयारी बहुधा कुणीच करून घेतलेली नसते.

आधी पोटाचं बघू. 'स्लीव्ह' प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी, म्हणजे जळगावकरांना वेगळं चित्र काढून दाखवायची गरज नाही. काढलेला भाग म्हणजे नुसती पिशवी नव्हे. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक सर्वात जास्त तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधलं. मेंदूला भूक लागल्याचा निरोप तेच देतं. तो भाग गेला की निरोपही थंडावतो. त्यात अन्न आतड्यात लवकर पोचतं, आणि आतडं 'पुरे झालं' सांगणारी संप्रेरकं जास्त सोडू लागतं. यातल्या जीएलपी-1 मुळे इन्सुलिनचं कामही सुधारतं. म्हणूनच मधुमेह असलेल्या अनेकांची साखर वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. तेव्हा साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन जुन्याच मापाने चालू ठेवणं धोक्याचं ठरतं.

मग लेकीला आमरस का नको? गोडाचा त्रास होतो म्हणून. वजन कमी करण्याच्या दुसऱ्या एका ऑपरेशनमध्ये जठर लहान करून अन्न थेट पुढच्या आतड्यात वळवतात. त्याला 'बायपास' म्हणतात, हृदयाचा बायपास वेगळा. 'बायपास' झालेल्यांना हा त्रास जास्त होतो, स्लीव्हनंतरही होऊ शकतो. गोड, पातळ पदार्थ जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरतो. तिथली दाट साखर रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेते. अर्ध्या तासाच्या आत पोटात कळा येतात, छातीत धडधडतं, घाम फुटतो, जुलाब होतात. काहींना एक ते तीन तासांनी दुसरा फटका बसतो. साखर झपाट्याने चढल्यामुळे इन्सुलिन जास्त सुटतं, मग साखर इतकी पडते की हातपाय थरथरतात. डॉक्टर याला डम्पिंग म्हणतात. तो माहेरच्या अन्नाचा अपमान नव्हे, हे आईला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

साखरेहूनही मला उन्हाची काळजी जास्त वाटते. वैशाखात खान्देशाचा पारा 44-45 अंशांवर जातो, आणि हिला तांब्या तोंडाला लावून गटागटा पिता येत नाही. दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटाने जायला हवं, तेही जेवणाशी अर्ध्या तासाचं अंतर ठेवून. बाटली उशाशी, ओट्यावर, शेतात सोबत हवी. लघवी गडद झाली, उठताना चक्कर आली, तर वाट पाहू नये. उलट्या थांबतच नसतील तर आणखी मोठा धोका असतो. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो. चालताना तोल जाणं, एकाची दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं आहेत. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ताटात आधी प्रथिनं. दिवसाला 60 ग्रॅमच्या आसपास लागतात, आणि पोटात मावतं वाटीभरसुद्धा नाही. म्हणून घट्ट वरण, दही, पनीर, अंडं आधी. भाकरी मागाहून, तीही चावून चावून. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो ही जमेची बाजू, पण ती पहिल्या आठवड्यांतली गोष्ट नव्हे. माळकरी घरांमध्ये बी-12 मुळातच कमी सापडतं. ऑपरेशननंतर जठरातलं आम्ल आणि बी-12 शोषायला मदत करणारं प्रथिन, दोन्ही घटतात. त्यामुळे बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र नको, मध्ये दोन तास जाऊ द्यायचे.

तिसऱ्या महिन्यापासून केस गळू लागतात. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने बरीचशी केसांची मुळं एकदमच विश्रांतीला जातात. मुळं मरत नाहीत, त्यामुळे पोषण सांभाळलं तर केस बहुधा परत येतात. पण कंगव्यात आलेला पुंजका पाहताना हे शास्त्र आठवत नाही. त्याच सुमारास गल्लीतून आवाज येतो, "किती सुकी गयी वं तू!" काल जाड म्हणून बोलणारी माणसं आज आजारी ठरवतात. ऑपरेशन सांगावं तर "कष्टाशिवाय बारीक झाली" असं ऐकावं लागतं, लपवावं तर प्रत्येक पंगतीत नवं कारण शोधावं लागतं.

आणि आतून काय चालतं? वर्षानुवर्षं ज्या खाण्याने दुःख झाकलं, ते खाणंच हातातून गेलेलं असतं. ही एक प्रकारची ताटातूटच, आणि तिचं रडू येणं स्वाभाविक आहे. मेंदूतला देहाचा जुना नकाशाही लगेच बदलत नाही. अरुंद दारातून अजूनही अंग तिरकं करून जाणारी माणसं असतात. पहिल्या वर्षाचा आनंद ओसरला की काहींची उदासी परत येते. बायपासनंतर दारू रक्तात झटकन चढते, आणि काही जणांत खाण्याची जागा दारू घेते. आत्महत्येचा धोकाही या रुग्णांमध्ये वाढलेला आढळला आहे. म्हणून रक्ततपासणीइतक्याच नेमाने मनाची विचारपूस व्हायला हवी. जिवाला नको वाटत असेल तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आईने काय करावं? मोठं ताट बाजूला ठेवून वाटी आणि चमचा द्यावा. पुरणपोळीचा आग्रह सोडून जवळ बसावं. लेक वीस मिनिटं लावून तीन-चार चमचे वरण खाईल, तेवढा वेळ उठू नये. दुपार कलली की अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्याकडे तिला घेऊन जावं. दोर तुटेल या भीतीने कित्येक आखाज्या ती त्यावर बसलेली नाही.