पॉवर स्टिअरिंगचा प्रेशर सेन्सर: सेन्सर गेला की वायर?

गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पी०५५० ते पी०५५४ यांपैकी एखादा बिघाडाचा कोड दिसला की हात पहिला नव्या सेन्सरकडे जातो. पण हे कोड सर्किटचे आहेत, आणि सर्किट म्हणजे सेन्सर, त्याच्या वायरी, कनेक्टर आणि ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असं सगळं मिळून. सेन्सर गेला काय, वायर तुटली काय, कोड तोच येतो. लक्षणंही तीच: गाडी पार्क करताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आरपीएम पडतात, इंजिन थरथरतं, कधी बंद पडतं. वळवताना पंपाचा भार इंजिनावर येतो. स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावरून ती खबर सेन्सर ईसीएमला देतो. ती मिळाली नाही तर आयडल (एक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वेळेवर वाढत नाही. स्टिअरिंगच जड झालं असेल तर मात्र आधी तेल, बेल्ट आणि पंप पाहा.

मल्टीमीटर लावण्याआधी सेन्सरला किती वायरी आहेत ते मोजा. एक किंवा दोन वायरी असतील तर तो बहुधा साधा प्रेशर स्विच. दाब ठरावीक पातळीला गेला की उघडतो किंवा मिटतो. त्याला ओहमवर तपासलं की भागतं. खालची चाचणी तीन वायरींच्या सेन्सरची: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (निगेटिव्हकडे जाणारी वायर) आणि सिग्नल. चाकं सरळ असताना सिग्नल साधारण १ व्होल्टच्या आत असतो आणि स्टिअरिंग वळवलं की चढतो. नेमके आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

पी०५५२ म्हणजे सिग्नल फार कमी, पी०५५३ म्हणजे फार जास्त. खरा घोटाळा पी०५५३ मध्ये होतो. अर्थची वायर तुटली की सिग्नल वर ५ व्होल्टकडे खेचला जातो आणि सेन्सर आतून शॉर्ट झाल्यासारखं चित्र दिसतं. नवा सेन्सर बसवतात आणि कोड परत येतो. पी०५५२ च्या मागे बहुतेकदा ५ व्होल्ट न पोचणं किंवा सिग्नलची वायर बॉडीला घासून अर्थ होणं असतं.

आता दोष सेन्सरचा की वायरीचा ते वेगळं करू. इंजिन बंद, चावी ऑन, सेन्सरचा कनेक्टर काढलेला. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पुरवठ्याच्या पिनला लावा, ४.८ ते ५.२ व्होल्ट दिसायला हवेत. मग काळा प्रोब कनेक्टरच्याच अर्थ पिनवर आणा. आकडा तोच राहिला तर अर्थ जोडलेला आहे. पडला तर दोष अर्थच्या वायरीत. पुरवठाच शून्य असेल आणि सोबत इतर सेन्सरांचेही कोड आले असतील, तर त्याच ५ व्होल्टवरचा दुसरा एखादा सेन्सर शॉर्ट झालेला असू शकतो. एकेक कनेक्टर काढत मीटर बघत राहा. ज्याच्या वेळी ५ व्होल्ट परत येतील तो गुन्हेगार.

पुरवठा आणि अर्थ ठीक निघाले की सिग्नल. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या क्षणीचे आकडे) लावा. कनेक्टर काढलेला असताना काही ईसीएम ० दाखवतात, काही ५. ती आतल्या रचनेची बाब आहे. ० असेल तर फ्यूज असलेल्या जंपरने (जोडवायरने) पुरवठा आणि सिग्नलची पिन जोडा, स्कॅनर ५ कडे झेपावला पाहिजे. ५ असेल तर सिग्नल अर्थ पिनला जोडा, ० वर यायला हवा. स्कॅनरने हुकूम पाळला तर वायर आणि ईसीएम दोन्ही धडधाकट, दोषी सेन्सर. पाळला नाही तर सिग्नलची वायर, आणि सगळ्यात शेवटी ईसीएम. ५ व्होल्ट आणि अर्थ एकमेकांना चुकूनही जोडू नका, बॅटरीचे १२ व्होल्टही इथे आणू नका.

कोड येतो-जातो अशी तक्रार (पी०५५४) असेल तर लाइव्ह डेटा बघत हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवा. आणि कनेक्टर नीट बघा. सेन्सर आतून गळायला लागला की स्टिअरिंगचं तेल पिनांवर येतं, कधी वायरीच्या आवरणातून पुढेही चढतं. अशा वेळी दोष दोन्हीकडचा: सेन्सर बदलून तेलकट कनेक्टर तसाच ठेवला तर काम अर्धवटच. पिनेत जाड प्रोब खुपसू नका, ती फाकते आणि नवाच दोष तयार होतो. मागच्या बाजूने बारीक प्रोब घाला.

पी०५५१ वेगळा: सिग्नल येतो, पण अपेक्षित मर्यादेत बसत नाही. इथे सेन्सर खरं बोलत असण्याची शक्यता बरीच: तेल कमी, तेलात हवा, बेल्ट सैल किंवा पंप थकलेला. प्रेशर गेजने खरा दाब मोजून सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहा. स्टिअरिंग टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, पंप तापतो.

सेन्सर बदलताना इंजिन बंद, खाली भांडं, ओ-रिंग किंवा वॉशर नवा. मॅन्युअलने सांगितलेलंच तेल भरा. पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग दहा-बारा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, पातळी बघत तेल घालत जा, मग इंजिन चालू करून तेच पुन्हा करा. टाकीत फेस दिसतोय तोवर हवा आहे. मग कोड पुसा आणि गाडी जागेवर वळवून लाइव्ह डेटात सिग्नल चढतो-उतरतो का ते पाहा.