जाळलेल्या खतांपासून सिबिलपर्यंत

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांना हवी होती ती खते, म्हणजे कर्जाचे दस्तऐवज. अंगठा उठवलेला कागद जळला की कर्ज मिटले, सुटकेची एवढी एकच वाट त्यांना ठाऊक होती. १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले आणि कोर्टाकडून नादार, म्हणजे कर्ज फेडायला असमर्थ, ठरवून घेण्याची सोय झाली.

पुढे मुंबईसारख्या इलाखा शहरांना १९०९ चा आणि बाकी मुलखाला १९२० चा नादारी कायदा आला. नादाराची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाई, विकून येईल ते धनकोंत वाटले जाई. त्याच्याकडे काय राहू द्यायचे, हे १९०९ च्या कायद्यात लिहिले आहे: धंद्याची हत्यारे, कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी; सगळी मिळून ३०० रुपयांपर्यंत. मुक्तीचा हुकूम मिळाला की उरलेले देणे संपे, मात्र सरकारी देणे आणि लबाडीने केलेले कर्ज सुटत नसे.

आणि नवी उधारी? मुक्ती न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली, तरी सहा महिन्यांपर्यंत कैद. खासदारकी-आमदारकीही राज्यघटनेने त्याला नाकारली. पूर्वी फी माफ झालेल्या पोराला शाळेत ‘नादार’ म्हणत. शब्द तोच, पण कोर्टातल्या नादाराच्या वाट्याला दया कमी आणि डाग जास्त आला.

आज उधारीचा पहारा सिबिलसारख्या, प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या करतात. माणसाची पत सांगणारा ३०० ते ९०० मधला एक आकडा, आणि थकबाकीची नोंद वर्षानुवर्षे टिकते. बँकेशी तडजोड करून कर्ज मिटवले तरी खात्यापुढे ‘सेटल्ड’ लागते आणि पुढच्या बँकेतला माणूस तिथेच थांबतो.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत अगदी गरिबासाठी नव्या सुरुवातीची तरतूद आहे: वर्षाची मिळकत ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० आणि कर्ज ३५,००० पर्यंत, स्वतःचे घर नको. पण व्यक्तींसाठीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत बुडालेल्या पगारदाराला अजून १९०९ आणि १९२० चेच दार ठोठवावे लागते. हा अन्याय आहे, आणि तो संसदेने केलेला कायदा नुसता लागू करून दूर होण्यासारखा आहे.