'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं': हे आकडे आले कुठून?

प्राध्यापकांच्या रिफ्रेशर कोर्समध्ये एक रंगीत त्रिकोण हमखास पडद्यावर येतो. व्याख्यान ऐकून ५ टक्के लक्षात राहतं, वाचून १०, चर्चेतून ५० आणि दुसऱ्याला शिकवून ९०. खाली नाव असतं एडगर डेल यांचं.

डेल ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवायचे. १९४६ साली त्यांनी 'अनुभवांचा शंकू' मांडला, हे खरं. पण त्यात टक्केवारी नव्हतीच! प्रत्यक्ष अनुभवापासून शब्दांसारख्या अमूर्त चिन्हांपर्यंतची ती नुसती मांडणी होती, आणि तीही शब्दशः घेऊ नका असं डेल स्वतःच बजावत. आकडे पुढे कुणीतरी चिकटवले. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बेथेल इथल्या एका प्रशिक्षण संस्थेचाही हवाला देतात, पण त्यामागचं मूळ संशोधन संस्थेलाही दाखवता आलेलं नाही. शिवाय त्रिकोणातले सगळे आकडे बघा की: ५, १०, २०, ३०, ५०, ७५, ९०. खऱ्या प्रयोगातून इतके गुळगुळीत आकडे निघत नसतात.

म्हणून फळा-खडूचं व्याख्यानच बरं, असं मात्र नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. पाच मिनिटांनी विचारलं तर तो पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र मजकूर मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. अभ्यासक्रम आखताना त्रिकोणापेक्षा हे कामाचं: तासाच्या शेवटची पाच मिनिटं वही मिटून लिहायला ठेवा. मार्क नकोत.